आबांच्या नाकावरची पट्टी

आबांच्या नाकातली नळी सुटली ती माझ्यामुळे. सिस्टरचा त्यात काही दोष नव्हता. हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही, आणि आबांना जाऊन आता दोन वर्षं होतील.

आबा म्हणजे माझे वडील. अर्धांगाचा झटका आला, डावी बाजू गेली आणि गिळणंही गेलं. चमचाभर पाण्याने ठसका लागायचा. पिरंगुटच्या पुढे रस्त्यालगतच्या एका छोट्या हॉस्पिटलात त्यांना नाकातून पोटापर्यंत नळी घातली. दोघांनी धरून ठेवावं लागलं. उजव्या हाताने त्यांनी माझा शर्ट इतका घट्ट पकडला की बटण तुटलं. मग पेज, दूध, डाळीचं पाणी, सगळं त्या नळीतूनच.

नळी जागेवर ठेवायचं काम एका सिस्टरकडे होतं. लातूरकडची, जवळच्या जांबे गावात भाड्याने राहायची. रोज सकाळी ती नाकावरची जुनी चिकटपट्टी काढायची, नाक पुसून कोरडं करायची, नव्या पट्टीचं एक टोक मधोमध चिरून ते दोन पाय नळीभोवती गुंडाळायची. नाकपुडीपाशी नळीवर पेनाने एक रेघ.

"दादा, ही रेघ इथंच दिसली पाहिजे. हलली तर मला हाक मारा. तुम्ही हात लावू नका."

आबांना म्हणायची, "आजोबा, नाकाला खाज आली तर खुणावा, मी खाजवते. माझी नखं तुमच्यापेक्षा बरी." आबा अर्ध्या तोंडाने हसायचे.

रविवारी दुपारी आमच्या गावाहून, रिह्याहून, भावकी बघायला येणार होती. आमच्याकडे आजारी माणसाचं आधी तोंड बघतात. ते कोरडं, पांढरं पडलेलं दिसलं की पोरगं बघत नाही, असं गावभर होतं. मी खोबरेल घेतलं आणि आबांच्या कपाळाला, गालांना, नाकाला चोळलं. त्यांनी डोळे मिटले. कळायला लागल्यापासून मी त्यांच्या तोंडावरून कधी हात फिरवला नव्हता. मला थांबवेना.

थोड्या वेळाने त्यांना ठसका लागला, तेलाने सुटलेली पट्टी सरकली आणि नळी चार बोटं बाहेर आली. जिन्यात माणसांचे आवाज येत होते. मी नळी आत ढकलली, पट्टी दाबून बसवली.

खोली भरलेली असतानाच सिस्टर पेज घेऊन आली. आधी रेघ बघितली. ती जागेवर नव्हती. मग पट्टीला बोट लावलं, बोटं एकमेकांवर घासली आणि पेज बाजूला ठेवली. नळीचं टोक पोटात नसेल तर पेज फुप्फुसात जाते, हे तिने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"दादा, तेल लावलंत का?" तिने हळूच विचारलं.

सगळे माझ्याकडे बघत होते. "न्हाई," मी म्हणालो.

माझे चुलते, तात्या, पुढे झाले. "त्यो कशाला लावतोय तेल? तुमचीच पट्टी ढिली. पगार कशाचा घेता, बाई?"

"मोबाईल बघायचा," मागून कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं, एवढंच.

नळी काढून दुसरी घालावी लागली. नाकातून रक्त आलं. आबा आवाज न करता रडत होते. सिस्टरने त्यांचे डोळे पुसले, नाकावरचं तेल पुसलं, नवी पट्टी लावली. तोवर तात्या डॉक्टरांकडे तक्रार करून आले होते. दुसऱ्या दिवसापासून आबांकडे दुसरी सिस्टर आली.

आबा पुढे घरी आले, थोडं गिळायलाही लागले, आणि काही महिन्यांनी दुसऱ्या झटक्यात गेले. त्या नळीचा त्याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणाले. पण नळी दुसऱ्यांदा घालताना झालेला त्रास त्यांनी माझ्या खोट्या इभ्रतीपायी सोसला.

तात्या अजूनही कुणाला बघायला गेले की सांगतात, "पट्टीवर ध्यान ठेवा. आमच्या आबाची नळी एका बाईनं घालवली हुती." मी शेजारी बसून चहा पितो.

ती सिस्टर अजून त्याच हॉस्पिटलात आहे. मध्यंतरी बसस्टॉपवर भेटली. तिनेच विचारलं, "आजोबा कसे आहेत?" गेले, म्हणालो. तिला वाईट वाटलं. माझी बस आली, आणि मी चढलो.

तात्यांना घेऊन तिच्यासमोर जायचं आणि सांगायचं, की तेल मी लावलं, नळी मी ढकलली आणि खोटं मी बोललो. एवढं मी तिला देणं लागतो.