आवाजांची वही

तीन आठवड्यांपूर्वी गावच्या ग्रुपवर एका ओळीचा मेसेज आला : ‘राठोड ऑपरेटर गेले.’ कळमनुरी तालुक्यातल्या आमच्या गावाजवळच्या वीज उपकेंद्रात ते यंत्रचालक होते. गावांकडे जाणाऱ्या लाइन बंद करणं आणि पुन्हा सोडणं हे त्यांचं काम. निवृत्तीला दोन वर्षं झाली होती. शेवटचे भेटले ते कळमनुरीच्या बाजारात. भेंडी निवडता निवडता म्हणाले, “दादा काय करून राहिले?” शेतात आहेत, असं मी सांगितलं. “असू दे,” म्हणाले आणि पुन्हा भेंडीकडे वळले.

दादा म्हणजे माझे वडील. चार वर्षांपूर्वी एका दुपारी मी हिंगोलीत कार्यालयात असताना आईचा फोन आला. “तार तुटून हळदीत पडली रे. म्हैस तिथंच बांधलेली हाय, अन् तुझे दादा सोडायला निघाले. ऐकूनच नाही राहिले!” वडिलांना कमी ऐकू येतं. हळदीला सकाळीच पाणी दिलेलं होतं. मी तक्रारीच्या हेल्पलाइनला फोन लावला. मराठीसाठी एक दाबला, वीजपुरवठ्यासाठी दोन. मग ग्राहक क्रमांक मागितला गेला. तो मला ठाऊक नव्हता. ‘आपण कोणताही क्रमांक दिलेला नाही...’ त्याच संथ आवाजात सगळं पुन्हा पहिल्यापासून. मी फोन तोडून राठोडकाकांना लावला.

“काका...”

“कुठं पडली?”

“आमच्या हळदीत, बाभळीजवळ. दादा तिकडं...”

पलीकडे खटका पडल्याचा आवाज आला. “बंद केली. आईला सांग, मला फोन लाव म्हणावं. दादाचा आवाज आल्याबिगर लाइन सोडत न्हाई.”

मी आईला तेवढं सांगितलं. त्यानंतरची सात मिनिटं मला काहीच कळलं नाही. आईचा फोन लागत नव्हता, काकांचा व्यस्त होता. म्हैस आधीच मेली होती. वडील तिच्यापासून दहा पावलांवर, दावं कापायला घेतलेला विळा हातात धरून उभे होते. आईनं फोन त्यांच्या कानाला लावला तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ऑपरेटर, माझी म्हैस गेली.” काका म्हणाले, “तुमी हाव ना? बांधावर जाऊन बसा.”

वायरमन पोहोचेपर्यंत चार गावांची वीज बंद होती. तेवढ्यात कुणीतरी काकांना फोन करून, “ओ ऑपरेटर, झोपले का? काम झालं, सोडा लाइन!” असं बजावलं. “तू गिरणीवाला हायेस,” काका म्हणाले. “तारेखाली जो हाय, त्याला बोलू दे.” संध्याकाळी मला हेल्पलाइनचा मेसेज आला. सेवेबद्दल समाधानी असल्यास एक दाबायचा होता.

गेल्या आठवड्यात तांड्यावर त्यांच्या घरी गेलो. काकूंनी एक जाड वही पुढं ठेवली. लाइन सोडा म्हणून कुणीही सांगू शकतं, म्हणून काका त्यात माणसांचे आवाज लिहून ठेवायचे. नाव, शेत, त्यापुढं खूण. एक बसका. एक आधी शिवी देतो, मग नाव सांगतो. गिरणीवाला : घाई, मागं पट्ट्याचा आवाज. वडिलांपुढं : मोठ्यानं बोलतात, आपलं ऐकत नाहीत.

“तुझं बी नाव हाय बघ,” काकू म्हणाल्या.

होतं. त्या दुपारच्या कितीतरी आधीच्या शाईत, बारीक अक्षरात : ‘आधी नमस्कार, मग तब्येत, मग काम. नमस्कार केला नाही तर विचारत बसू नये. खटक्याजवळ जावं.’