गावितबाईंचा मतदारसंघ

नगरपालिकेच्या निवडणुकीचा निकाल लागला होता आणि आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणाचा वॉर्ड कुणाकडे गेला यावरून नुसता कल्ला चालला होता. तेवढ्यात राज्यशास्त्राच्या गावितबाई आल्या, पिशवी टेबलावर ठेवली, खुर्चीत टेकल्या आणि म्हणाल्या, "आमचे पडले."

"कुठले तुमचे? पंचवटीतले की जुन्या नाशकातले?" कुणीतरी विचारलं.

"बेटावरचे. अगदी थोडक्यात गेले हो. खालच्या कोळीवस्तीने ऐनवेळी पाठ फिरवली."

मी नुकतीच नोकरीला लागले होते. लग्न होऊन पुण्याहून आलेली, अर्थशास्त्राची एम. ए., बिनबाह्यांचा ब्लाउज, कपाळावर चढवलेला गॉगल, आणि आपण नाशिककरांना सुधारायला आलो आहोत असा चेहरा. माझा त्या वेळचा फोटो माझी नात अजून मैत्रिणींना दाखवते आणि सगळ्या मिळून हसतात. तर मी शेजारच्या बाईंच्या कानात पुटपुटले, "या बऱ्या आहेत ना?"

गावितबाईंना ते ऐकू गेलं. "मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "उमेदवार बरा नव्हता."

बेटाचं नाव मी सांगणार नाही. बाईही सांगायच्या नाहीत. म्हणायच्या, "नाव सांगितलं की लोक नकाशात शोधायला लागतात आणि ऐकायचं सोडतात." वेस्ट इंडीजच्या बाजूचं, नकाशावर खसखशीच्या दाण्याएवढं एक बेट, आणि त्याच्या उत्तर टोकाचा एक मतदारसंघ. सगळे मतदार एकत्र केले तरी आमच्या गॅदरिंगला त्याहून जास्त गर्दी व्हायची.

हा मतदारसंघ बाईंना मिळाला तो उशिरा पोचल्यामुळे. एम. ए.ला असताना त्यांच्या सरांनी प्रत्येकाला अभ्यासासाठी एकेक देश वाटून दिला. बाई सुरगाण्याजवळच्या एका पाड्यावरून येत होत्या आणि त्या दिवशी त्यांची जीप घाटात बंद पडली. पोचल्या तोवर इंग्लंड, अमेरिका, फ्रान्स सगळं संपलं होतं. उरलं होतं हे बेट, आणि ग्रंथालयात त्याच्या फक्त उत्तर टोकाचीच माहिती सापडत होती. "मुलींना माझी दया आली," बाई सांगायच्या. "मला काय? मला आयतं बेट मिळालं."

इतरांनी आपापले देश परीक्षेनंतर सोडून दिले. बाईंनी बेट सोडलं नाही. तिथे कधीकाळी ऊस होता. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्यांची मुलंनातवंडं, आणि आपल्या बिहारकडून करारावर नेलेल्या मजुरांची थोडी घरं, अशी वस्ती. साखर कारखाना बंद पडला तशी तरणी माणसं लंडनला, कॅनडाला गेली. मागे राहिले म्हातारे, पोरं आणि कोळी. पुरुषांपेक्षा बायका जास्त. एकाच घराण्यातला मामा आणि मग भाचा वर्षानुवर्षं निवडून आले. मधे एकदा शाळेच्या एका बाईंनी भाच्याला पाडलं, तेव्हा गावितबाईंनी स्टाफरूममध्ये पेढे वाटले. आम्हाला वाटलं, बाईंचं लग्न ठरलं.

त्या काळी बातमी यायची ती मुंबईच्या एका ग्रंथालयातून, जाडजूड वार्षिकांमधून, दोन-दोन वर्षं शिळी. शाळेच्या त्या बाई पुढच्या निवडणुकीत हरल्या, तर गावितबाई आठवडाभर तोंड पाडून बसल्या होत्या. मी म्हटलं, "अहो, ती बाई एव्हाना रडून, सावरून, नातवंडं खेळवत असेल."

"ती सावरली असेल. मला आजच कळलंय."

मी त्यांची नक्कल करायचे. गॅदरिंगला तर साडीचा पदर त्यांच्यासारखा खोचून 'आमचे पडले' हे वाक्य इतकं छान म्हटलं होतं की पोरांनी वन्स मोअर दिला. बाई पहिल्या रांगेत होत्या. नंतर जवळ येऊन म्हणाल्या, "वैद्यबाई, आवाज जमला. पण मी पदर डाव्या अंगाला खोचते."

हा वेडेपणा कुठून आला ते मला खूप उशिरा समजलं. बेटावर निवडणूक आली की लंडनला गेलेली माणसं मत द्यायला परत यायची. पक्ष विमानं करून आणायचे. चार दिवस बंद घरांची कुलपं निघायची, गल्लीत भांडणं व्हायची, जुनी प्रेमं आठवायची. विरोधक कोर्टात गेले, की लंडनला राहणारे लोक इथले मतदार कसे? तो खटला बाई अशा सांगायच्या की जणू दोन्ही वकील त्यांच्या ओळखीचे होते.

"आमच्याकडे जीप येते, त्यांच्याकडे विमान," बाई म्हणायच्या. "बाकी सगळं तेच."

त्यांचा पाडा भात आणि नागली निघाली की रिकामा व्हायचा. माणसं दिंडोरी-पिंपळगावकडच्या द्राक्षबागांमध्ये कामाला, दारांना सुतळी बांधलेली, मागे म्हातारी आणि कोंबड्या. मतदान आलं की उमेदवारांच्या जीपा बागेबागेतून माणसं गोळा करून आणायच्या. "निवडणुका नसत्या तर आम्ही एकमेकांना फक्त मयतीला भेटलो असतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

बाईंनी लग्न केलं नाही. सगळी नोकरी नाशकात झाली, गंगापूर रोडला माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून फ्लॅट घेतला. पण मतदार यादीतलं नाव पाड्यावरच. कुणी विचारलं की म्हणायच्या, "राहते नाशिकला. आहे पाड्यावरची." दर निवडणुकीला त्या जीपने जायच्या, दाटीवाटीने, मांडीवर कुणाचं तरी पोर घेऊन.

मी त्यांना छळायचे. "बाई, तुम्ही पोरांना शिकवता, जिथे राहता तिथे नाव नोंदवा. कायद्याने तुम्ही चक्क चूक आहात."

"आहेच. तुम्ही पेपरात लिहा, मी पूर्ण मार्क देईन."

मी तर लग्नानंतर महिन्याभरात रेशनकार्ड, गॅस, मतदार यादी, सगळं नाशिकला आणून टाकलं होतं, आणि कोण अभिमान होता मला त्याचा. बाईंनी एकदा विचारलं, "निघालात तेव्हा मागे काहीच ठेवलं नाहीत?"

"ठेवलं ना. जुने ब्लाउज."

त्या हसल्या नाहीत. माझा विनोद वाया गेला म्हणून मी खट्टू झाले. इतकीच अक्कल होती मला तेव्हा.

निवृत्तीनंतर माझे यजमान गेले आणि बाई रोज सकाळी चहाला यायला लागल्या. मोबाइलवर आता बेटाचा रेडिओच लागायचा. आपली सकाळ म्हणजे त्यांची आदली रात्र. निकाल आमच्या पहिल्या कपाला सुरू व्हायचे आणि दुसऱ्या कपाला संपायचे. ते इंग्रजी मला निम्मं कळायचं. बाई मात्र उमेदवाराच्या आवाजावरून सांगायच्या, "हा पडतोय. घसा बसलेला नाही याचा. फिरलाच नाही."

मग बाईंची किडनी बिघडली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गेल्या विधानसभेचं मतदान जवळ आलं तेव्हा डॉक्टरांनी घाटाचा प्रवास साफ नाकारला. बाईंनी मान डोलावली आणि बाहेर आल्यावर मला म्हणाल्या, "जीप सकाळी दिंडोरी नाक्यावर येते."

"मी गाडी करते भाड्याने. नीट आडव्या होऊन चला."

"गाडीने गेले तर पाहुणी म्हणतील."

तेव्हा सत्तरी ओलांडलेल्या आम्ही दोघी मजुरांच्या जीपमध्ये. बाईंना पुढची सीट मिळाली, मी मागे गाठोड्यांवर. शेजारच्या पोरीने मला विचारलं, "आजी, तुमी पण द्राक्षाला आल्या होत्या?"

"हो ना. मालकाने काढून टाकलं. मणी तोडण्यापेक्षा खातेच जास्त, म्हणाला."

अख्खी जीप हसली. बाई पुढून म्हणाल्या, "तिच्यावर विश्वास ठेवू नका, पुण्याची आहे ती."

पाड्यावरच्या शाळेत केंद्र होतं. बाई धाप टाकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून रांगेत उभ्या राहिल्या. आत यादीवरून बोट फिरलं, वर गेलं, परत खाली आलं. नाव नव्हतं. काढून टाकलं होतं.

बाईंचा भाचा दाराशी उभा होता. भावाच्या माघारी घर आता त्याचंच. त्याने मान वर केली नाही. "चौकशीला आले होते, आत्या. इथं कोण कोण राहतं म्हणून. मी खरं ते सांगितलं. नाशिकला असते म्हटलं."

मी पदर खोचला. पुणेरी भाषेत त्या अधिकाऱ्यांना घटनेपासून सुरुवात करून ऐकवायला लागले. बाईंनी माझं मनगट धरलं.

"नको. बरोबर आहे त्यांचं. पूर्ण मार्क द्यावे लागतील."

मला वाटलं, आता परत फिरू. बाई केंद्रासमोरचा रस्ता ओलांडून पलीकडे जांभळाखाली जाऊन बसल्या. जीपा येत होत्या, माणसं उतरत होती, आत जात होती, बाहेर येऊन बाईंपाशी थांबत होती. कुणाचं पोर झालं, कुणाचा बैल गेला, कुणाची सून टिकली नाही. बाई सगळं ऐकत होत्या, पण डावा हात पदराखाली ठेवला होता.

त्यांची लहानपणची मैत्रीण भागी बाहेर आली. गुडघ्यांनी वाकलेली, तोंडात दात नाहीत. तिने बाईंचा हात पदराखालून ओढून काढला आणि पाहिलं. बोट कोरं. स्वतःचं ओल्या शाईचं बोट तिने बाईंच्या नखावर दाबलं आणि घासलं.

"घे. निम्मी तुला."

मागून येणाऱ्या बाईने ते पाहिलं, तिनेही आपलं बोट पुढे केलं. मग तिच्या सुनेने. मग जीपमधल्या त्या पोरीने. दुपारपर्यंत अख्ख्या केंद्रात सगळ्यात काळं बोट गावितबाईंचं होतं. मतदान केंद्राचे अधिकारी चहा प्यायला बाहेर आले होते. त्यांनी पाहिलं आणि चहात लक्ष घातलं.

परतताना वणी मागे पडल्यावर बाई म्हणाल्या, "बेटावरच्या लोकांचीही नावं काढली होती हो, त्या खटल्यानंतर."

"मग? आले नाहीत ना पुन्हा?"

"आले. स्वतः तिकीट काढून आले. मत नव्हतं, तरी आले. दिवसभर शाळेबाहेर बसले."

इतकी वर्षं त्या खटल्याची पारायणं ऐकलेली मी. हे कधीच ऐकलं नव्हतं. "कुठे वाचलंत हे?"

"वाचलं नाही," बाई म्हणाल्या. "आज कळलं."

पुढच्या काही आठवड्यांत त्या पडूनच होत्या. हॉस्पिटलमधली नर्स बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायची, शाईमुळे आकडा नीट येईना, म्हणून स्पिरिटने घासत बसायची. "आजी, हे निघतच नाही."

"निघू नये म्हणूनच असते ती, बाळा. दुसरं बोट घे."

शाई पुसली जात नाही, नखाबरोबर हळूहळू वर सरकते. बाईंच्या नखाच्या मध्यापर्यंत पोचली होती, तेव्हा त्या गेल्या.

मी भाच्याला फोन केला. म्हटलं, इथे पंचवटीत अंत्यविधीची सगळी सोय होते, तुम्ही या. तो म्हणाला, "नाय मावशी, आत्याला तिकडं ठेवू नका. आम्ही जीप पाठवतो." जीप आली. तिच्यात भागी होती, द्राक्षाचं काम सोडून आलेल्या बायका होत्या. त्यांनी मला पुढे बसायला सांगितलं. मी मागे बसले, बाईंपाशी.

तेव्हापासून सकाळचा चहा मी एकटीच घेते. मला कधी कधी प्रश्न पडतो, मला न्यायला जीप कुठून येणार. पुण्यातलं घर कधीच विकलं गेलं, आणि जुने ब्लाउज काही कुणी जपून ठेवत नाही.

मध्यंतरी बेटावर निवडणूक झाली. मी रेडिओ लावला, निम्मं कळलं, निम्मं बाईंच्या पद्धतीने घशावरून ओळखलं. दुसऱ्या कपाला निकाल आला. नात डोळे चोळत स्वयंपाकघरात आली.

"आमचे आले," मी तिला सांगितलं.

"कोण तुमचे? कुठले?"

"बेटावरचे."

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझा गॉगल आठवला. "आजी, तू बरी आहेस ना? तुझं नाव तर आपल्या गंगापूर रोडच्या शाळेतल्या मतदार यादीत आहे."

"हो," मी म्हटलं. "तिथे मी राहते."