सख्खा असला तरी

लॉकडाऊनमध्ये मी औषधांच्या गाडीवर होतो, म्हणून फिरायची मुभा होती. गडहिंग्लजच्या रस्त्याला लागलं की गावोगावच्या पाट्या वाचायचा मला नादच लागला. आमचा मुलूख तोंडाचा फटकळ, मग पाट्या तरी गोड कशा असणार? एका वेशीवर, 'पावणं, पुढं गाव न्हाय, आल्या वाटनं फिरा.' दुसऱ्या वेशीवर, 'जावई असला तरी च्या मिळणार न्हाय.' मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकायचो आणि आम्ही पोट धरून हसायचो.

आमच्या गावची पाटी वडिलांनी लिहिली, कारण गावात अक्षर चांगलं त्यांचंच. जुन्या पत्र्यावर लाल ऑइलपेंटनं लिहिलं, 'सख्खा असला तरी पावणाच. गावात येऊ नये.' खाली रस्त्यावर बाभळीचे काटे आडवे टाकले. त्या पाटीचा फोटो तालुकाभर फिरला. वडील कॉलर ताठ करून हिंडत होते, आणि खरं सांगायचं तर मीही.

त्याच दिवसांत थोरले चुलते गेले. कोरोनानं नव्हे, वयानं. आमच्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही. पाहुणे भाकरी-पिठलं घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. एसटी बंद होती, म्हणून आत्या तिच्या गावाहून उन्हात चालत आली. तिचाही तो थोरला भाऊच. डोक्यावर भाकरीचं गठुडं आणि तोंडाला पदर.

वेशीवर पहारा देणाऱ्यांनी आम्हाला बोलावून घेतलं. काट्यांच्या अलीकडे वडील आणि मी, पलीकडे आत्या.

"तात्या, सरकवू काय काटं? घरचंच माणूस हाय," त्यातला एक म्हणाला.

वडिलांनी पाटीकडे पाहिलं. आदल्याच दिवशी त्यांनी शेजारच्यांच्या लेकीला इथूनच माघारी लावलं होतं.

"नगं. आपणच मोडलं तर गाव काय म्हणंल?"

आत्या तोवर एकेक अक्षर लावत पाटी वाचत होती. ते कुणाच्या हातचं, हे तिला सांगायची गरज नव्हती. वाचून झाल्यावर तिनं गठुडं पाटीखाली ठेवलं. "गार व्हायच्या आदी खावा," एवढंच म्हणाली आणि वळली. तिला कुणी पाणीसुद्धा विचारलं नाही. मी वडिलांच्या पाठीमागे हाताची घडी घालून उभा होतो.

भाकरी आम्ही खाल्ल्या. खाताना कुणी कुणाकडे बघत नव्हतं. लाज वाटत होती, आणि ती आजही गेलेली नाही.

पाटी केव्हाच निघाली. तो पत्रा आता कोंबड्यांच्या खुराड्यावर उलटा टाकलाय. आत्या सणावाराला येते. एसटीतून उतरते, काटे होते तिथंच थांबते आणि फोन लावते, "वेशीवर हाय मी. येऊ न्हवं?"

टोमणा असता तर भांडून मोकळे झालो असतो. पण ती टोमणा मारत नाही, खरंच विचारते. मी गाडी काढतो म्हटलं तरी वडील ऐकत नाहीत. दुखरे गुडघे घेऊन स्वतः चालत जातात, तिच्या हातातली पिशवी घेतात आणि तिला पुढं घालून घरी आणतात.

उंबऱ्याशी आली की ती पुन्हा थांबते. आई आतून "या की वन्सं" म्हणेपर्यंत पाय आत टाकत नाही. जन्म तिचा याच घरातला.