ओहोटीचा रकाना

आमच्या भावोजींनी उभ्या आयुष्यात घाण पाणी म्हणून कधी पाहिलंच नाही. त्यांनी पाहिलं ते एकतर मर्यादेतलं पाणी, नाहीतर मर्यादेबाहेरचं पाणी. गटार तुंबून आळीभर काळं पाणी पसरावं, लोकांनी नाकाला रुमाल लावून भिंतीच्या कडेकडेनं चालावं आणि भावोजींनी मात्र त्या पाण्याच्या काठाशी उकिडवं बसून, चष्मा कपाळावर चढवून, "नमुना घेतल्याशिवाय काही सांगता येणार नाही" असं म्हणावं. हे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. नोकरी सरकारी, प्रदूषणावर नजर ठेवणाऱ्या खात्यात, आणि गाव घाटावरचं, तेही असं की पाहुण्याला पाणी देताना "अर्धा पेला चालेल ना?" असं विचारतात. अशा माणसाला सरकारनं अठ्ठ्याण्णव साली उचलून रत्नागिरीत आणून टाकलं, म्हणजे जिथं एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी आणि उरलेल्या दोन बाजूंना सल्ला देणारी माणसं आहेत. सरकारनं आपल्यावर सूड उगवला असं भावोजींना वाटलं. ताईला माहेरी बदली मिळाल्याचा आनंद झाला. आम्हाला काय वाटलं ते, भावोजी घरचे जावई असल्यामुळे, आम्ही बोललो नाही.

मर्यादा ठरवायच्या दोन रीती असतात, हे आमच्या घरात शेंबड्या पोरालाही पाठ झालं होतं. पहिली रीत म्हणजे कारखान्याला काय जमतं ते बघायचं. चांगल्यातली चांगली यंत्रणा बसवली, तर सांडपाणी किती स्वच्छ होऊ शकतं, तो आकडा. दुसरी रीत म्हणजे पाण्याला काय सोसतं ते बघायचं. ते सांडपाणी नदीत किंवा खाडीत मिसळल्यावर मासा जगतो की नाही, तो आकडा. मग या दोन आकड्यांतला कडक असेल तो कारखान्याच्या कपाळी मारायचा. "एक जमण्याचा, एक सोसण्याचा," भावोजी जेवताना दोन बोटं वर करून सांगत, आणि त्या नादात त्यांच्या ताटातला भात गार होई. ताईच्या आमटीलाही हाच न्याय होता. ताईच्या हाताला जमणारं मीठ वेगळं आणि त्यांच्या जिभेला सोसणारं वेगळं, हे त्यांनी लग्नाच्या दुसऱ्याच आठवड्यात तिला समजावून सांगितलं होतं. तिनंही सोसण्याची मर्यादा स्वतःच्या बाजूनं किती आहे ते त्याच दिवशी समजावलं असावं, कारण त्यानंतर भावोजी आमटी निमूट जेवत.

आमच्या परसात मोरीचं पाणी केळींना सोडलेलं होतं, जसं अख्ख्या कोकणात असतं. एका रविवारी भावोजींनी मोरीच्या तोंडाशी बाटली लावली, दुसरी केळीच्या आळ्यात बुडवली, आणि आठवड्यानं येऊन जाहीर केलं की साबणाचं प्रमाण केळीला सोसण्यापलीकडे गेलं आहे, तेव्हा धुणं एक दिवसाआड करावं. आईनं शांतपणे पदर खोचला, कोयती घेतली, घड उतरवला आणि त्यांच्यापुढे आणून ठेवला. "ह्या केळी तुमच्या जन्माआधीपासून हेच पाणी पितायत," एवढंच ती म्हणाली. भावोजींनी चार केळी खाल्ली आणि 'झाड अपवादात्मक आहे' अशी नोंद वहीत केली. जे आकड्यात बसत नाही ते अपवादात्मक, हा त्यांचा आणि त्यांच्या खात्याचा समान धर्म होता.

नमुने बर्फात ठेवावे लागतात. सरकारनं भावोजींना खोका दिला, बर्फ दिला नाही. आणि जीप दिली, पण ती कायम साहेबांच्या मुलांना शाळेत सोडायला. त्यामुळे भावोजी बंदरावरून मासळीचा बर्फ घेत, खाडीकाठच्या औद्योगिक वसाहतीतून बाटल्या भरत आणि तो थर्माकोलचा खोका मांडीवर घेऊन एसटीनं परत येत. खोक्यातून पाणी ठिबके आणि मासळीचा वास सुटे. बाजूचा उतारू मोठ्या आशेनं "काय, सुरमई काय?" असं विचारी. भावोजी खोटं बोलत नसत. "नाही, सांडपाणी आहे," असं ते अभिमानानं सांगत आणि पुढचा सगळा प्रवास त्यांना ऐसपैस बसायला मिळे.

त्यांचं आणि समुद्राचं नातं वेळणेश्वरला उघडं पडलं. आम्ही सगळे देवदर्शनाला गेलो होतो. भावोजी दर्शन आटोपून आधी किनाऱ्याच्या पुळणीवर गेले, पाण्यापासून चांगली पंधरा पावलं मोजली आणि चपला, डब्यांची पिशवी व स्वतःचा शर्ट तिथं व्यवस्थित रचून गुडघाभर पाण्यात उभे राहिले. आम्ही पोचलो तेव्हा चपला गेल्या होत्या, शर्ट जात होता आणि पुरणपोळ्यांचा डबा मावशीच्या मुलानं पोहून आणला. भरती आली, असं आईनं सांगितलं. भावोजींनी मान डोलावली, पण समुद्राचं हे वागणं त्यांनी समुद्रापुरतंच धरलं. खाडी म्हणजे त्यांच्या लेखी नदीच, जरा खारट. आम्हीही कुणी पुढे काही बोललो नाही. भरती खाडीतही येते हे माणसाला सांगायचं असतं, असं आमच्याकडे कुणाच्या डोक्यात येत नाही. सूर्य मावळतो हेही आम्ही पाहुण्यांना सांगत नाही.

मग खात्यानं त्यांच्यावर मोठं काम सोपवलं. वसाहतीचं सांडपाणी ज्या खाडीत सोडलं जाई, त्या खाडीचा सोसण्याचा आकडा काढायचा. त्या आकड्यावर वसाहतीला पुढच्या काही वर्षांचा परवाना मिळणार होता, आणि त्याच अहवालावर भावोजींची रखडलेली बढतीही अवलंबून होती. वर्षभर ते दर महिन्याला होडीतून खाडीत गेले. होडीवाला त्यांना निरोप पाठवी, आज अकराला या, आता साडेबाराला या, पुढच्या खेपेला दोनला. भावोजी वैतागत. कोकणातल्या माणसाला वेळेची किंमत नाही, एका वेळेवर टिकून राहतील तर शपथ, असं ते माझ्याकडे बसून ऐकवत. माझा टंकलेखनाचा वर्ग होता, त्यामुळे घरचा माणूस म्हणून अहवाल मीच टाइप करत होतो. छापील तक्त्यात तारीख, वेळ, हवामान, रंग, वास असे रकाने होते. तारखा आणि वेळा माझ्याच बोटांखालून गेल्या. खाडीकाठी जन्म काढलेला मी, आणि मला त्यात काही दिसलं नाही. ही गोष्ट मी अजून कुणाला मोठ्यानं सांगितलेली नाही.

अहवाल वर गेला, वाखाणला गेला, आणि आकडा लोकांना वाचून दाखवायला खाडीकाठच्या गावात शाळेत सभा भरली. वसाहतीचे लोक पुढच्या खुर्च्यांवर होते, कारण त्यांनीच त्या भाड्यानं आणल्या होत्या. गावकरी भिंतीला टेकून उभे. भावोजींनी तासभर जमण्याचं आणि सोसण्याचं निरूपण केलं. खाडीत पाणी एवढं आहे की वसाहतीचं सगळं सांडपाणी त्यात मिसळून मर्यादेत राहतं, असा त्याचा सारांश होता. वसाहतीच्या लोकांनी खाडीच्या या मोठ्या मनाबद्दल समाधान व्यक्त केलं. हरकत असल्यास लेखी द्यावी, असं सांगून भावोजी कागद आवरू लागले, तेव्हा मागून एक बाई पुढे आली. भोयांच्या वाडीतली, खाडीच्या चिखलातून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्यातली मासळी, काढून बाजारात वाटे लावून विकणारी. गेल्या दोन वर्षांत तिसऱ्या मरत चालल्या होत्या आणि तिच्या पाटीत रिकामे शिंपलेच जास्त येत होते, हे सगळ्या बाजाराला ठाऊक होतं. तिला लिहिता येत नव्हतं, म्हणून ती बोलली.

"सायब, तुमी येताव तवा खाडी भरलेली आसते. आमी उतरताव तवा रिकामी. पायपातला पाणी काय ओहोटी बगून थांबत नाय. तुमचा आकडा भरल्या खाडीचा हाय. रिकाम्या खाडीचा कुटं हाय?"

भावोजींनी होडीवाल्याकडे पाहिलं. तो बिचारा दाराशी उभा होता. ओहोटीला होडी चिखलात बसते, म्हणून तो त्यांना कायम भरतीलाच बोलावत होता; तिथीच्या आकड्याची पाऊणपट करून भरतीची वेळ काढायची, त्यात अवघड ते काय. "तुमाना ठावं आसंल आसा वाटला," तो म्हणाला. वर्षभर आमच्या भावोजींनी खाडी मोजली, पण फक्त पोट भरलेलं असताना मोजली. समोरच्या खुर्च्यांवरचे लोक हसले. मला आठवतं, मीही आधी हसलो. मग भावोजींचा चेहरा पाहिला आणि हसू आत गेलं. माणूस चोरी करताना सापडला तर इतका ओशाळत नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी त्यांना समजावलं. अहवाल मंजूर झाला आहे, तक्त्यात भरती-ओहोटीचा रकानाच नाही, तेव्हा नियमानं चूक झालेलीच नाही. एका अडाणी बाईसाठी बढती घालवू नका. सल्ला शहाणपणाचा होता, सरकारी शहाणपणाचा. भावोजींनी रजा टाकली, पट्टी घेतली आणि कोऱ्या तक्त्यावर पेन्सिलीनं स्वतः एक उभी रेघ मारली. त्या नव्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलं, 'ओहोटी'. मग द्वितीयेला सकाळी सातला मला बरोबर घेऊन ते खाडीवर गेले.

तो देखावा मी जन्मात विसरणार नाही. पाणी पार आत गेलेलं. मधे एक अरुंद धार, आणि पाइपाच्या तोंडातून येणारं तांबूस पाणी त्या धारेत जसंच्या तसं उतरत होतं. भावोजी पँट दुमडून चिखलात शिरले आणि तिसऱ्या पावलाला गुडघ्यापर्यंत रुतले. बाटल्या डोक्यावर धरून ते तसेच उभे राहिले, कारण बाटलीला चिखल लागला की नमुना बाद. त्याच बाईनं येऊन त्यांचा दंड धरला, पाय कुठे टाकायचा ते दाखवलं आणि धारेपर्यंत नेलं. तिनं एका शब्दानं त्यांना डिवचलं नाही. मी काठावर कोरड्या कातळावर उभा राहून सूचना देत होतो. अशा सात ओहोट्या त्यांनी केल्या, रजेवर, स्वतःच्या तिकिटानं, आणि प्रयोगशाळेतल्या एका मित्राच्या हातापाया पडून बाटल्या तपासून घेतल्या. रिकाम्या खाडीला सोसणारा आकडा भरल्या खाडीच्या जवळपासही नव्हता.

नवा अहवाल मीच टाइप केला. त्यातलं पहिलंच वाक्य होतं, 'यापूर्वीचे सर्व नमुने माझ्या अज्ञानामुळे केवळ भरतीच्या वेळी घेतले गेले.' माझे हात थांबले. असं कुणी लिहितं का, 'तांत्रिक कारणांमुळे' लिहू या, बढतीही वाचेल आणि आकडाही बदलेल, असं मी सुचवलं. भावोजी खिडकीबाहेर बघत होते.

"शालकराव," ते म्हणाले, "तांत्रिक कारण ओहोटीला चिखलात उतरत नाही. अज्ञानच लिहा."

मी लिहिलं. पुढे जे व्हायचं ते झालं. बढती गेली, आणि त्यांच्या प्रकृतीला कोकण मानवत नाही असं खात्याच्या अचानक लक्षात येऊन त्यांची बदली घाटावर, अशा तालुक्यात झाली जिथं प्रदूषित करायलाही पाणी नव्हतं. पण सहीशिक्क्यानिशी आलेला अहवाल खात्याला गिळता येईना. फाइल दीड वर्ष टेबलांवरून फिरली आणि अखेर वसाहतीच्या परवान्यात ओहोटीचा आकडा आला. वसाहतीनं कुरकुर केली, मुदत मागितली, आणि मग जमत नाही म्हणत होती ते तिला जमलं. पुढे कधीतरी मी त्या कार्यालयात कागद द्यायला गेलो, तर टेबलावर नवे छापील तक्ते पडले होते. त्यात वासाच्या शेजारी एक रकाना होता, भरती / ओहोटी. तो कुणी घातला, हे तिथल्या कारकुनाला माहीत नव्हतं.

काही वर्षांनी त्या गावात लग्नाला गेलो असताना ती बाई भेटली. केस पांढरे झाले होते, पाटी तीच. तिसऱ्या परत दिसायला लागल्यात, पहिल्यासारख्या नाहीत, पण दिसतात, एवढं सायबाना सांगा, असं म्हणाली. मे महिन्यात ताईकडे गेलो तेव्हा सांगितलं. भावोजी निवृत्त झाले होते. बैठकीच्या खोलीत भिंतीवर कॅलेंडर होतं आणि त्याच्या प्रत्येक चौकोनात पेन्सिलीनं बारीक अक्षरांत घड्याळाच्या चार-चार वेळा लिहिलेल्या होत्या. ताई म्हणाली, इथं नळाला तीन दिवसांनी पाणी येतं आणि ह्यांची रोजची भरती-ओहोटी चुकत नाही.

निरोप ऐकून भावोजींनी चष्मा कपाळावर चढवला. मला वाटलं, डोळ्यांत पाणी वगैरे येईल.

"दिसतात म्हणजे किती?" त्यांनी विचारलं. "मोजल्यात का?"

मी कशाला मोजतोय. पण या माणसाची मी इतकी वर्षं टिंगल केली होती, आणि त्या क्षणी मला त्यांच्याबद्दल इतकी माया दाटून आली की मी बेधडक सांगितलं, पाटीत शंभरावर होत्या.

"ओहोटीला मोजल्यात ना?"

"ओहोटीलाच," मी म्हटलं.

त्यांनी वही काढून तो आकडा लिहिला, तारीख घातली, आणि पेन्सिल कानावर ठेवली. बाहेर अंगणात ऊन रणरणत होतं, कडुनिंबाखाली रिकामी घागर आडवी पडली होती. ते कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "आता उतरली असेल बाई खाली."

बारा वाजत आले होते, तिथी अष्टमी. मी मनातल्या मनात पाऊणपट केली, भरती सहाची आली, पुढे ओहोटीपर्यंतचे सहा तास मोजले. भावोजींचं बरोबर होतं.