हिरव्या बाह्या

सरस शिजू लागला की आमच्या गल्लीतल्या बायका नाकाला पदर लावत आणि पुरुष वाट वाकडी करून पलीकडच्या बोळातून जात. जनावरांच्या हाडाकातड्यांचा तो डिंक. डब्यात पाण्याबरोबर उकळताना त्याला ओल्या चामड्याचा, साचलेल्या पाण्याचा आणि त्या सगळ्याखाली कुठेतरी गुळाच्या कढईसारखा गोडसर वास सुटे. मला मात्र त्या वासाने भूक लागे. सरस शिजतो आहे, म्हणजे नवा बोर्ड आला आहे, आणि आठ-दहा दिवस वडील घराला लागून असलेल्या शेडमध्येच असणार आहेत.

वडील सिनेमाचे बोर्ड रंगवत. कोल्हापुरात त्यांना नावाने हाक मारणारे फारच थोडे होते. बाकी सगळ्यांचे ते ‘पेंटर’. लाकडी चौकटीवर मांजरपाट ताणायचा, सरस आणि सफेद्याचा हात देऊन तो वाळवायचा, लहानशा फोटोवर आखलेल्या चौकटी मोठ्या करून कापडावर उतरवायच्या आणि मग जवसाच्या तेलात घोटलेले रंग चढवायचे. सिनेमा उतरला की त्याच कापडावर पुन्हा पांढरा हात फिरे. त्यामुळे आमच्या शेडमधल्या प्रत्येक चेहऱ्याखाली आणखी चार-पाच चेहरे निजलेले असत.

या कामाची एक शिस्त होती. चेहरा उस्तादाने करायचा. शिकणाऱ्याने आधी आकाश, मग साडीच्या चुण्या, मग दागिने आणि सर्वांत शेवटी हात. ज्याला कातडीचा रंग साधला तो पेंटर. बाकीचे चुना मारणारे, असे वडील म्हणत. सतरा वर्षांची होईपर्यंत मी फक्त चुण्या आणि आकाश रंगवले होते. त्या वर्षी फाल्गुनात त्यांनी एक फोटो माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, “हात तू कर.”

फोटो तिचा होता. साऱ्या कोल्हापूरला ती तोवर एकाच रूपात ठाऊक होती. दोन वर्षांपूर्वी, वयाच्या अठराव्या वर्षी, तिने एका मराठी सिनेमात सोशिक सुनेचे काम केले होते. हिरवी साडी, कोपरापर्यंत हिरव्या बाह्या, कमरेपर्यंत वेणी आणि डोळ्यांत कायमचे पाणी. शिरोळच्या बाजूने ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून बायका तो सिनेमा पाहायला आल्या. वडिलांनी रंगवलेल्या तिच्या बोर्डाखाली त्या नारळ ठेवत, खण ठेवत, फळीवर हळदीकुंकू वाहत. आमच्या गल्लीतल्या कासारीण मावशींनी तर हिरव्या बांगड्यांचा एक चुडा बोर्डाच्या खिळ्याला अडकवला होता. रडून लाल झालेले डोळे पुशीत त्या म्हणाल्या होत्या, “लेक असावी तर अशी. तोंडातनं चकार शबूद न्हाय.”

चकार शब्द नाही, हेच तिचे रूप होते आणि हेच तिचे पुण्य.

आता वडिलांच्या हाती जो फोटो आला होता तो तिच्या पहिल्या हिंदी सिनेमाचा. केस मानेपर्यंत कापलेले. अंगात काळा, बिनबाह्यांचा झगा. हात कमरेवर, हनुवटी वर आणि डोळे कोरडे. मी तो फोटो उजेडात धरला, तेव्हा तिच्या डाव्या दंडावर मला लशीचा वण दिसला. फोटोत मुगाएवढा, कडा विरलेल्या, मध्ये किंचित खोलगट. अगदी तसाच वण माझ्याही डाव्या दंडावर होता.

नऊ दिवस मी ते दोन हात रंगवले. पिवळी माती, सफेदा, शेंदरीचा कण, कोपराच्या घडीत जांभळ्याची सावली. खांद्याची गोलाई साधेना तेव्हा दाराआड उभी राहून मी माझाच खांदा आरशात पाही. वण रंगवला तेव्हा वडील म्हणाले, “सिनेमाच्या बाईला असलं काही दाखवत नाहीत.” माझ्या हातातून ब्रश घेऊन ते वणापाशी वाकले. मग ब्रश माझ्या हाती परत देत म्हणाले, “असू दे.” कातडी जिवंत झाली आहे, याची त्यांनी मला दिलेली एवढीच पावती.

बुधवारी बोर्ड थिएटरवर चढला. गुरुवारी दुपारी आम्हांला बोलावणे आले.

थिएटरच्या आवारात आठ-दहा माणसे उभी होती. मध्यभागी शेजारच्या तरुण मंडळाचे अध्यक्ष. पांढरी विजार, पांढरा शर्ट, मनगटावर लाल दोरा. बोर्ड खाली उतरवून भिंतीला टेकवलेला होता आणि ती त्या सगळ्यांच्या डोक्यांवरून कोरड्या डोळ्यांनी पाहत होती.

“काय पेंटर,” अध्यक्ष म्हणाले, “बाईला अशी उघडी टांगलाय व्हय चौकात? आमच्या आयाबहिणी जात्यात की हितनं.”

वडील म्हणाले, “कंपनीनं धाडलेला फोटो हाय, अध्यक्ष. मी माझ्या मनानं काय केलेलं न्हाय.”

“फोटो ऱ्हाऊ दे मुंबईत. हे कोल्हापूर हाय. दंड झाका तिचं. पैल्या सिनेमात होत्या न्हवं हिरव्या बाह्या? तसल्याच घाला.”

“काळ्या झग्याला हिरव्या बाह्या?”

“मग! थंडी वाजंल न्हायतर तिला,” मागून कोणीतरी म्हणाले आणि सगळे हसले.

कासारीण मावशीही गर्दीत होत्या. त्या हसल्या नाहीत. त्या खरोखर संतापल्या होत्या. “नारळ ठेवलता गं मी हिच्या पायाशी,” त्या मला सांगू लागल्या, जणू ते केस मीच कापले होते. “माझा चुडा अडकवलता. फसवलं की रांडंनं! माझा नारळ परत दे म्हणावं तिला.”

थिएटरचे मॅनेजर वडिलांच्या कानाशी लागले. “मिटवा की पेंटर. दोन बाह्यांनं तुमचं काय जातंय?”

मी आयुष्यात पुष्कळ क्रूर वाक्ये ऐकली आहेत, पण त्या वाक्याइतके मऊ आवाजात बोललेले दुसरे आठवत नाही. वडिलांनी माझ्याकडे पाहिले. ते माझे हात होते, हे त्या आवारात आम्हां दोघांनाच माहीत होते. मग ते म्हणाले, “घाल बाह्या. तेलातच घाल, नीट धरतील.” आणि सिनेमाच्या नावाची अक्षरे दुरुस्त करायला बोर्डाच्या दुसऱ्या टोकाला गेले.

मी तेलाचा डबा उघडला आणि पुन्हा बंद केला. तेलरंग एकदा बसला की खालची कातडी कायमची गेली. नऊ दिवस गेले, कोपराची जांभळी सावली गेली, वण गेला. मी पिशवीतून हिरव्या रंगाची पूड काढली, चहाच्या गाडीवाल्याकडून ऊन पाणी आणले, त्यात घरून आणलेला सरस विरघळवला. तेलाच्या अंगावर पाण्याचा रंग धरत नाही, निसटतो; म्हणून सरस दुप्पट घातला. सिनेमा उतरला की ओल्या फडक्याने बाह्या पुसून घेईन, असे मी मनाशी ठरवले होते. एवढेच माझे बंड. फडक्याएवढे.

सरसाचा तो वास आवारभर पसरला. वडील माझ्यापासून सात-आठ हातांवर होते. डबा उघडण्याआधीच तेल किती जुने आहे हे ज्याला कळे, त्या माणसाला शेजारी टर्पेंटाइन नाही, सरस आहे, हे कळले नसेल? त्यांनी मान वळवली नाही.

शुक्रवारी सिनेमा लागला. बाल्कनीची पहिली रांग अध्यक्षांनी आणि त्यांच्या माणसांनी धरली होती. शिडी आणि डबे परत न्यायला मी आवारात आले, तेव्हा आतून शिट्ट्या येत होत्या. भिंतीची वीट हलेल अशा शिट्ट्या. कोणीतरी तिचे नाव घेऊन ओरडले, मग सगळे थिएटर ओरडले. बाहेर रस्त्यावर तिला माझ्या हिरव्या बाह्या होत्या. आत पडद्यावर तिला कोणीही बाह्या घालायला सांगत नव्हते. तिकिटाच्या खिडकीपाशी एक माणूस गयावया करत होता, “एक तरी द्या की, खुर्ची न्हाय तर न्हाय, उभ्यानं बघतो.” आदल्या दिवशी ‘थंडी वाजंल’ म्हणून हसणारा आवाज त्याचाच होता.

ज्यांनी झाकायला लावले तेच पाहायला आधी आले, हे मी तेव्हा सतरा वर्षांच्या संतापाने पाहिले आणि आज दुप्पट वयाच्या संतापाने लिहिते आहे. हा राग निवावा असे मला कधी वाटलेले नाही.

रविवारी रंगपंचमी होती. सकाळपासून पिंपे भरलेली, ट्रॅक्टरवर कर्णे, रस्त्यावर जांभळा चिखल. दुपारी मंडळाची पोरे थिएटरसमोर आली आणि पुन्हा वर चढवलेल्या बोर्डावर त्यांना ती दिसली. आधी एक फुगा. मग पिचकाऱ्या. मग कोणीतरी टँकरचा पाइप तिच्यावर धरला. ते कुठे नेम धरत होते हे सांगायची गरज नाही. रस्त्याच्या पलीकडे वडिलांबरोबर उभी असलेली मी प्रत्येक नेमाबरोबर स्वतःचे दोन्ही हात छातीशी घट्ट धरत होते.

आणि बाह्या विरघळू लागल्या.

आधी डावी. हिरवे ओघळ कोपरावरून मनगटावर आले, बोटांच्या टोकांवरून खाली टपकू लागले. त्या ओघळांतून सर्वांत आधी वण उघडा पडला. मग दंड, मग खांदा, ओला, चकाकणारा, अगदी मी सोडला होता तसा. क्षणभर पाइप थांबला. त्यांनीच मागितलेल्या बाह्या त्यांच्याच पाण्याने उतरल्या होत्या, आणि ती हनुवटी वर करून त्यांच्याकडे पाहत होती. मला हसू आले. माझ्या आयुष्यातले ते सर्वांत स्वच्छ हसू असेल, आणि ते चार श्वासही टिकले नाही.

“पाण्याचा रंग दिला व्हय रं पेंटर!” अध्यक्ष ओरडले. “आमची चेष्टा करतोस?”

रस्त्याच्या कामासाठी कोपऱ्यावर डांबराचे पिंप होते. पोरांनी बांबूला पोते गुंडाळले, ते पिंपात बुडवले आणि तिचे दोन्ही हात, मग गळा, मग चेहरा काळा केला. गल्लीतल्या बायका गच्च्यांवरून पाहत होत्या. कोणीतरी टाळ्याही वाजवल्या.

आणि माझ्या वडिलांनी, जांभळ्या चिखलात उभे राहून, दोन्ही हात जोडले. “माझी चूक झाली,” ते म्हणाले. “घाई झाली. तेल वाळलं नसतं.”

मी तोंड उघडले तेव्हा त्यांनी माझा दंड धरला. इतका घट्ट की वणावर त्यांच्या अंगठ्याची खूण चार दिवस राहिली. पुढचा बोर्ड मॅनेजरनी दुसऱ्या पेंटरला दिला. वडिलांनी मला एका शब्दाने विचारले नाही, आणि मी एका शब्दाने सांगितले नाही. मी त्यानंतर ब्रश धरला नाही, वह्या धरल्या. काही वर्षांनी फ्लेक्स आले आणि वडील गाड्यांच्या नंबरपाट्या रंगवू लागले. शेडमध्ये सरसाचा वास उरला नाही.

नव्या शतकाची सात-आठ वर्षे उलटल्यावर ती कोल्हापूरला आली. अध्यक्ष आता नगरसेवक होते आणि त्यांनी महिलांसाठी हळदीकुंकवाचा समारंभ ठेवला होता. ती आता रोज संध्याकाळी टीव्हीवरच्या मालिकेत आई होत असे. केस पुन्हा लांब, डोळ्यांत पुन्हा पाणी. चौकाचौकांत तिचे फ्लेक्स लागले होते. जरीची साडी, मनगटापर्यंत बाह्या. मी कॉलेजात मराठी शिकवत होते, कविता छापून येत होत्या, म्हणून स्वागताचे चार शब्द माझ्याकडे आले होते. नगरसेवकांनी मला ओळखले नाही. पेंटरच्या पोरी कोण लक्षात ठेवतो?

व्यासपीठामागच्या खोलीत ती एका प्लॅस्टिकच्या खुर्चीवर ताठ बसली होती. बायकांची रांग लागली होती. म्हाताऱ्या झालेल्या कासारीण मावशी रांगेत पहिल्या. त्यांनी तिची ओटी भरली, दोन्ही हातांनी तिच्या गालांवरून बोटे उतरवून आपल्या कानशिलांवर मोडली, आणि माझ्याकडे वळून समाधानाने म्हणाल्या, “सुधारली गं पोरगी.”

तिने ते ऐकले. तिचा चेहरा हलला नाही. त्या चेहऱ्याला न हलण्याची सवय फार लहानपणी लागलेली होती. खोलीत जाईचे गजरे, कापूर आणि घामेजलेले रेशीम यांचा दाट वास होता. माझ्या घशात मात्र सरस उतरला.

रांग संपली. बाहेर कर्ण्यावरून तिचे नाव पुकारू लागले. मी खुर्चीपाशी वाकले. स्वागताच्या भाषणात न बसणारे चार शब्द मी तिला सांगितले: माझे वडील बोर्ड रंगवत, तुमच्या पहिल्या हिंदी सिनेमाच्या बोर्डावरचे हात मी रंगवले होते, डाव्या दंडावरच्या लशीच्या वणासकट, आणि मग इथल्या माणसांनी सांगितले म्हणून त्या हातांवर मीच हिरव्या बाह्या चढवल्या.

तिचा उजवा हात उठला आणि डाव्या दंडावर, रेशमावरून, नेमका त्या जागी जाऊन थांबला. तिने प्रथमच माझ्याकडे पाहिले. डोळे कोरडे होते. मला वाटले ती रागावेल, आणि तिने रागवावे असे मला मनापासून वाटत होते. दारात नगरसेवक हार घेऊन उभे होते. तिने आवाज खाली आणला आणि विचारले,

“त्या बाह्या निघाल्या?”