मीच मला तीन दिले

‘चहा छान करते, हे कुठल्या रकान्यात लिहायचं गं?’

सरांनी माझा कागद सगळ्यांना दिसेल असा धरून विचारलं. अख्खी मीटिंग हसली. सर म्हणजे आमच्या कॉलेजचे ग्रंथपाल. चाकणच्या बाजूचं इंजिनिअरिंग कॉलेज, आणि मी तिथल्या लायब्ररीत परिचर. ऑफिसचे लोक हसले. प्राचार्यही हसले.

यंदा मॅनेजमेंटनं लायब्ररीसाठी ‘कौशल्य आराखडा’ आणला होता. प्रत्येक कामासमोर आपली पायरी लिहायची. एक म्हणजे काम नुसतं माहीत आहे. दोन, कुणी सांगितलं तर जमतं. तीन, स्वतःच्या जबाबदारीवर करता येतं. चार, दुसऱ्याला शिकवता येतं. जिथं कमी पडाल तिथं ट्रेनिंग. सहायक ग्रंथपालाची जागा रिकामी होती, आणि पुस्तकांच्या नोंदणीत ज्याची पायरी तीन, त्याचाच विचार होणार होता. मला ती जागा हवी होती. लपवायचं काय त्यात? नोकरी सांभाळून, मोशीहून बसचे धक्के खात मी लायब्ररीची पदवी बाहेरून घेतली ती काय भिंतीवर टांगायला?

आमच्याकडं स्वमूल्यमापनाचीही एक पद्धत आहे. आधी सरांच्या केबिनमध्ये जायचं. ‘सर, मी किती लिहू?’ सर आकडा सांगणार, आपण तो स्वतःबद्दल लिहिणार. सगळे तसंच करतात. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. कागदावर ‘स्वतः भरावे’ असं छापलं होतं, मी स्वतः भरला. नोंदणी, तीन.

का नको? नवीन पुस्तकं आली की कॉम्प्युटरवर मीच बसते. पुस्तक चाळते, विषय ठरवते, वर्गांक देते, नोंद चढवते. फक्त लॉगिन सरांचं. रिपोर्ट निघतो त्यात सगळ्या नोंदी सरांच्या नावावर. लायब्ररीत हे सगळ्यांना ठाऊक आहे.

मीटिंगमध्ये सरांनी आधी विचारलं होतं, ‘हे कुणाला विचारून भरलंस?’

‘स्वतःला.’

मग तो चहाचा विषय निघाला. हसणं थांबल्यावर म्हणाले, ‘बाप गॅरेजात पाने फिरवतो आणि पोरगी तीन नंबर घेऊन बसली. तुमच्या लोकांना जरा जवळ केलं की डोक्यावरच बसता.’

तुमच्या लोकांना. आम्ही इथलेच. आजोबा मोशीतच वाढले, मोशीतच गेले. पण आडनाव वाचलं की ‘तुमचे लोक’.

सरांनी लाल पेन काढलं. तीन खोडून एक केला. ‘सही कर, आणि सगळ्यांना चहा टाक.’

सही मी केली नाही. उद्या करते म्हटलं. चहा मात्र टाकला. सरांचा राग आला होताच. हसणाऱ्यांचा त्याहून जास्त आला.

संध्याकाळी बसमधून उतरले ती थेट गॅरेजात गेले. अब्बा एका बाईकचं इंजिन उघडून बसले होते. सांगता सांगता मी रडले. अब्बांकडंही पायऱ्या आहेत, फक्त कागद नाही. नवीन माणूस आधी पार्ट धुतो, मग पंक्चर काढतो. मग एक दिवस अब्बा पाना त्याच्या हातात देतात आणि म्हणतात, ‘घे, खोल.’ त्यांच्या हाताखालून गेलेल्यांची आज चऱ्होलीपर्यंत स्वतःची गॅरेजं आहेत. दुसऱ्याकडून इंजिन बांधून घ्यायचं आणि वर हा नुसता पार्ट धुतो म्हणायचं, असली हरामखोरी अब्बांनी कधी केली नाही.

सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, ‘सही केलीस?’

‘नाही.’

‘मग रडतेस कशाला?’

तिथंच माझं रडणं थांबलं. ज्या पान्यावरून मला हिणवलं, त्या पान्यानं माणसं उभी केली होती. सरांनी अख्ख्या नोकरीत कुणाला एक पायरी वर चढवलंय?

दुसऱ्या दिवशी पुस्तकांचे खोके आले होते. तपासणीची कमिटी यायची होती, त्याआधी नोंदी हव्या होत्या. सर काउंटरवर आले. ‘माझं लॉगिन चालू आहे. बस आणि उरक पटापट.’

मी उठले नाही. ‘सर, माझी पायरी एक आहे. मला काम नुसतं माहीत आहे, करता येत नाही. तुम्हीच लिहिलंय.’

त्यांचा चेहरा उतरला. मग आवाज चढला. ‘नोकरी करायचीय ना?’

‘करायचीय. माझ्या लॉगिननं.’

उर्मटपणाचा मेमो आलाय. घेतला, पोच दिली. प्राचार्यांना लेखी कळवलं की माझी पायरी तीन आहे, पटत नसेल तर ज्या टेबलाभोवती हसलात त्याच टेबलावर परीक्षा घ्या. अजून उत्तर नाही. काढून टाकतील कदाचित. काढू देत. चाकणला पॅकिंगच्या लाइनीवर उभी राहीन, पण त्या एकावर माझी सही होणार नाही. चहा ज्याला प्यायचाय त्यानं टाकावा. आणि यापुढं माझ्या हातून पुस्तक चढेल ते माझ्याच नावानं चढेल, नाहीतर खोक्यात पडून राहील.