थांबेराव आणि न उघडणारं झाकण

आमच्या रस्त्यावरच्या घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला सगळे थांबेराव म्हणतात. हे त्याचं आडनाव नव्हे. दुकानात कोणीही शिरलं की त्याचा पहिला शब्द "थांबा". दुकान जिन्याखाली. एक टेबल, एक दिवा, दोन स्टुलं. चाळीस वर्षं तो तिथेच वाकून बसतो.

माझी वहिनी त्याच्याकडे एक जुनं मनगटी घड्याळ घेऊन गेली. सोबत मी. जुन्या बाजारात ते दिसलं आणि तिचा पाय निघेना. तिच्या वडिलांचं अगदी असंच होतं, प्रवासात हरवलेलं. हेच ते का, एवढंच तिला जाणून घ्यायचं होतं. वडील घड्याळ थांबेरावाकडेच द्यायचे. आणि थांबेराव दुरुस्त केलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणावर, आतल्या बाजूला, सुईने आपली खूण कोरतो. उघडलं की कळणार होतं.

झाकण उघडेना. आट्यांचं झाकण, खाचांत चावी बसवून फिरवायचं. थांबेरावाने दोनदा हलकेच फिरवून पाहिलं आणि चावी खाली ठेवली.

"द्या इकडे," मी म्हणालो. छत्तीस वर्षं कारखान्यात फिटर होतो. मनगटाएवढे बोल्ट सोडवलेत. जोर लावला. चावी घसरली आणि झाकणावर नखभर ओरखडा पडला.

"भाऊजी!" वहिनी ओरडली.

"झालं समाधान?" थांबेराव म्हणाला. "आता हाताची घडी घालून बसा, फिटरसाहेब."

त्याने डोळ्याला भिंग लावलं. टोकदार काडीने कडेच्या फटीतला मळ काढला. "घाम आणि साबण. पार दगड झालाय." मग सुईच्या टोकावर मावेल तेवढं तेल फटीत सोडलं. जास्त झालं तर आत उतरतं. घड्याळ दिव्याखाली ठेवलं. अर्धा तास तसंच राहू दिलं.

नंतर त्याने चावी बसवली आणि आवळायच्या दिशेने फिरवली.

"अहो, उलटं!" वहिनी म्हणाली.

उलटं नव्हतं. अडकलेला आटा आधी केसभर आवळायचा, पकड सुटली की मग सोडायचा. हे मी कारखान्यात प्रत्येक नव्या माणसाला शिकवलं होतं. वस्तू एवढीशी, म्हणून मला वाटलं नुसत्या जोराने भागेल. मी भिंतीकडे बघत बसलो.

टक् असा आवाज झाला. झाकण फिरलं.

आत तीन खुणा होत्या. थांबेराव बराच वेळ बघत राहिला. वहिनीने टेबलाची कड धरली होती.

"तुमची कुठली?"

"एकही नाही. तिन्ही दुसऱ्या कारागिरांच्या."

"नीट बघा ना."

"तीनदा बघितलं, ताई."

"हो" म्हणायला त्याचं काय जात होतं? पण नाही म्हणाला. दिवा तिच्याकडे वळवला आणि भिंग दिलं. ते तिच्या डोळ्यावर टिकेना. मग टिकलं. ती वाकून बघू लागली.

"हा डावखुरा होता का? अक्षरं मागे झुकलीत."

"असेल."

"आणि याने तारीखच नाही घातली?"

"आळशी."

ती हसली. भिंग काही काढलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "म्हणजे बाबांचं अजून कुठेतरी चालत असेल."

थांबेरावाने चिमटा उचलला. "तेल घातलं असेल कोणी, तर."